प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज : ग्रंथ आणि नित्यजीवन

वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. परंतु याच जमिनीत ग्रंथांचेही पीक पूर्वापार निघत आले आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ स्थान. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे झाले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तेथेच लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ होय. पुढे वारकरी पंथाबरोबर ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत व तुकोबांची गाथा ही ग्रंथत्रयी वऱ्हाडात गावोगाव पोहोचली. अमरावती-अकोल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात दुसरे पुस्तक असो वा नसो, देव्हाऱ्याशेजारी तांबड्या फडक्यात बांधलेली एखादी पोथी बहुधा असेच. श्रावणात ती सोडावयाची, वाचून समाप्ती करावयाची, पुरणाचा नैवेद्य दाखवावयाचा आणि पुन्हा बांधून ठेवावयाची, हा क्रम आपणांपैकी अनेकांनी आपल्या घरी पाहिलेला आहे.

परंतु पोथी बांधून ठेवल्यानंतरच्या अकरा महिन्यांत तिचे आपल्या घरात काम काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. शेतीची कामे, सोयरीक, भावाभावांतील वाटणी, आजारपण आणि कर्ज या रोजच्या व्यवहारांत धर्मग्रंथाने माणसास वाट दाखवावी काय, आणि दाखवावी तर कोणत्या रीतीने? या प्रश्नाचे उत्तर ज्या पुरुषाने प्रवचनापेक्षा स्वतःच्या आयुष्याने अधिक दिले, असा एक पुरुष आपल्याच समाजात, आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. त्याला आयुष्यात एक अक्षरही डोळ्यांनी वाचता आले नाही. त्या प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराजांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे योजिले आहे.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म शके १८०३, आषाढ शुद्ध दशमी, बुधवार, म्हणजे दिनांक ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी, आजोळी झाला. वडिलांचे नाव गोंदुजी व आईचे अलोकाबाई. आडनाव मोहोड. मूळ गाव चांदूर बाजार तालुक्यातील माधान. घर कुणब्याचे, व्यवसाय शेतीचा, आणि घरात शास्त्राध्ययनाची परंपरा नाही. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, वारकऱ्यांच्या दिंड्या पंढरीच्या वेशीत शिरत असताना हे मूल जन्मास आले, याचे भाविकांना विशेष वाटते.

मूल वर्षाचेही झाले नव्हते, तोच डोळ्यांना विकार झाला आणि चुकीच्या औषधोपचाराने दृष्टी कायमची गेली. त्या काळी खेड्यात डोळ्यांचा वैद्य कोठला? घरगुती उपाय, कोणीतरी सांगितलेले अंजन, आणि त्यातून आलेले अंधत्व ही गोष्ट तेव्हा दुर्मिळ नव्हती. आंधळ्या मुलाचे पुढे काय होणार, याचेही उत्तर ठरलेले होते. शेतात त्याचा उपयोग नाही, शाळेत त्याला जागा नाही. कोणीतरी दोन घास घालावेत आणि त्याने ओसरीवर बसून राहावे, एवढेच त्याच्या वाट्यास येई.

त्यात चौथ्या वर्षी आई गेली. पोरका झालेला हा मुलगा आजीकडे लोणी टाकळीस वाढला. तेथे सुमारे सहा वर्षे काढून तो माधानास परत आला. रात्री सर्वजण झोपले की हा मुलगा अंथरुणावर उठून स्थिर बसलेला दिसे, अशा आठवणी भक्तमंडळींत सांगितल्या जातात. आपण त्या आठवणींचा अर्थ एवढाच घेऊ की, ज्याला बाहेरचा दिवस आणि रात्र सारखीच होती, त्याने लहानपणापासून आत पाहण्याची सवय लावून घेतली.

श्रवणाची विद्या

डोळे नसलेल्या माणसाने विद्या मिळवावी कशी? ज्या काळात महाराज वाढले, त्या काळात वऱ्हाड पालटत होता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या या प्रांतात कापसाचा व्यापार वाढला होता, आगगाडी आली होती, शाळा निघाल्या होत्या. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली, तेव्हापासून हस्तलिखित पोथ्यांच्या जागी छापील ग्रंथ हळूहळू खेड्यांपर्यंत येऊ लागले होते. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले, तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते. विद्या आता दाराशी आली होती. पण ती सर्व डोळ्यांसाठी होती.

महाराजांनी कानांचा मार्ग धरला. गावात ज्याला अक्षरे लावता येत, त्याच्याकडून त्यांनी ग्रंथ वाचून घ्यावा, एकदा ऐकलेले मनात साठवावे, अडलेले पुन्हा वाचावयास लावावे, असा क्रम सुरू झाला. पुढे शिष्य व स्नेही मिळाल्यावर हाच क्रम मोठ्या प्रमाणावर चालला. प्रवासातही ग्रंथांच्या पेट्या बरोबर असत. वेद, उपनिषदे, षड्दर्शने, पुराणे, योगवासिष्ठ, भागवत, आयुर्वेद, संगीत, व्याकरण असे सर्व प्रकारचे ग्रंथ त्यांनी श्रवणाने आत्मसात केले. पाश्चात्त्य विचारवंतांपैकी डार्विन व स्पेन्सर यांची मतेही त्यांनी समजावून घेतली आणि त्यांचा आपल्या ग्रंथांत परामर्श घेतला. आर्य लोक बाहेरून आले, हे त्या काळी विद्वानांत रूढ झालेले मतही त्यांनी मान्य केले नाही व त्याविरुद्ध युक्तिवाद केला.

येथे क्षणभर थांबून या श्रवणाचे स्वरूप पाहणे इष्ट आहे. आपण डोळ्यांनी वाचतो तेव्हा नको ते पान उलटून पुढे जातो, कंटाळा आला की मध्येच सोडतो. दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्यास ही मोकळीक नाही. वाचणारा ज्या गतीने वाचील त्याच गतीने ऐकावे लागते, आणि लक्ष क्षणभर ढळले तर तेवढा भाग हातचा जातो. शिवाय वाचणारा माणूस मिळवावा लागतो, त्याच्या सवडीची वाट पाहावी लागते, त्याचे मन राखावे लागते. म्हणजे ग्रंथ हाती येण्याआधीच धीर, नम्रता आणि एकाग्रता हे तीन गुण अंगी यावे लागतात. ज्ञानमार्गाची साधने म्हणून शास्त्रात जे सांगितले आहे, ते महाराजांना अंधत्वामुळे पहिल्याच पायरीवर साधावे लागले. आणखीही एक गोष्ट घडली. महाराजांसाठी जो वाचीत होता, तोही नकळत शिकत होता. एका आंधळ्या माणसाची जिज्ञासा भागविताना डोळस माणसांनी असे ग्रंथ वाचले, जे त्यांनी एरवी कधीही उघडले नसते.

संसार व ज्ञानेश्वरकृपा

१८९६ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्या काळच्या रीतीप्रमाणे महाराजांचा विवाह झाला. पत्नीचे नाव मनकर्णिकाबाई. महाराजांनी संसार टाकून रानाची वाट धरली नाही, हे आपण गृहस्थाश्रमी माणसांनी ध्यानात ठेवावे. लग्नानंतर तीनच वर्षांनी छपन्नाचा भयंकर दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० सालचा, वऱ्हाडावर कोसळला. ज्यांच्या घरी जमीन होती त्यांचीही अन्नान्नदशा झाली. अशा दिवसांत, साधारण घरात राहून, या तरुणाचे श्रवण चालू होते.

१९०१ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, महाराजांच्या आयुष्यास वळण लागले. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी आपणास दर्शन देऊन आपल्या नामाचा मंत्र दिला, असा त्यांचा अनुभव होता. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरील टीका पूर्ण केली आणि १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. सहाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या पुरुषास पिता मानणे, याचा व्यावहारिक अर्थ एकच निघतो. त्या पित्याची भेट ग्रंथातच व्हावयाची. मुलगी बापाचा शब्द ऐकते त्या भावाने महाराज ज्ञानेश्वरी ऐकत राहिले.

या नात्यास आणखीही एक बाजू आहे. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या काळी लहान नव्हता. शेतकऱ्याच्या घरातील आंधळा मुलगा उपनिषदांचा अर्थ सांगू लागला, तर तुझा गुरू कोण आणि तुला हा अधिकार कोणी दिला, असे विचारले जाणे साहजिक होते. वेद तीन वर्णांच्याच कानी लागला, ही त्याची कृपणता गीतेच्या रूपाने दूर झाली आणि गीता स्त्रीशूद्रादि सर्वांस मोकळी झाली, असा आशय ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात मांडला आहे. महाराजांनी वादात न शिरता ज्या ग्रंथाने दार उघडले होते त्याच ग्रंथाच्या कर्त्यास पिता केले. कन्येला पित्याच्या घरात पाऊल टाकण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

ग्रंथातील कथा जीवनात उतरली

१९०५ साली महाराजांनी कात्यायनी व्रत केले. भागवताच्या दशम स्कंधात हे व्रत येते. श्रीकृष्ण पती म्हणून लाभावा यासाठी व्रजातील कुमारिका हेमंत ऋतूत यमुनेत स्नान करून वाळूची देवी करतात व तिची पूजा करतात, अशी ती कथा आहे. कथेकरी बुवा ही कथा सांगतात, आपण ऐकतो आणि घरी येतो. महाराजांनी ती स्वतःस लागू केली. आपण श्रीकृष्णाची पत्नी आहोत, हा भाव धरून त्यांनी कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि स्त्रीवेष धारण केला. एका विवाहित पुरुषाने असे करावे, हे गावच्या लोकांना विपरीत वाटले असल्यास त्यात नवल नाही. आपणही हे अनुकरणासाठी वाचावयाचे नाही. यातून दिसते ते इतकेच की, या पुरुषाच्या ठायी ऐकणे आणि जगणे यांत अंतर उरले नव्हते. एकदा जे खरे म्हणून स्वीकारले, ते लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी लपविले नाही.

याच भूमिकेतून त्यांचा मधुराद्वैत संप्रदाय उदयास आला. सर्वत्र एकच आत्मतत्त्व आहे, हे श्रीशंकराचार्यांचे अद्वैत त्यांनी पूर्णपणे मानले. परंतु हे ज्ञान झाल्यावर भक्तीचे काम संपते, असे मात्र त्यांनी मानले नाही. ज्ञानानंतर जी भक्ती उरते ती काही मागण्यासाठी नसते आणि म्हणूनच ती अधिक गोड असते, असा त्यांच्या मताचा सारांश सांगता येईल. आपल्या घरगुती अनुभवावरून पाहावयाचे तर, मुलगा मोठा होऊन कमावता झाला, आईकडून त्यास काही मिळवावयाचे राहिले नाही, तरी तो तिच्यापाशी येऊन बसतो. त्या बसण्यात जो निर्हेतुक ओढा आहे, त्यावरून ज्ञानोत्तर भक्तीची थोडीशी कल्पना यावी.

शास्त्र आणि दिनचर्या

महाराजांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात लहानमोठे सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. स्वतःच्या हाताने लिहिणे शक्य नव्हते. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. संस्कृत, मराठी, हिंदी, व्रजभाषा आणि आपली वऱ्हाडी या भाषांत ही रचना आहे. सूत्रे, भाष्ये, निबंध, पत्रे, प्रश्नोत्तरे, अभंग, पदे, आख्याने, नाटके असे तिचे नाना प्रकार आहेत. त्यांनी नावंग नावाची एक स्वतंत्र भाषाही रचली होती. या ग्रंथांपैकी काहींची नावे पाहिली तरी त्यांची नजर रोजच्या जीवनावर किती होती हे समजते.

एकादशीनिर्णय हा त्यांचा एक संस्कृत ग्रंथ. एकादशी कोणत्या दिवशी धरावी हा प्रश्न आपल्या घरोघरी उठतो. तिथी सूर्योदयानंतर केव्हाही सुरू होते व संपते, त्यामुळे कधी स्मार्त व भागवत अशा दोन एकादशा पंचांगात लागोपाठ येतात. एका घरातील सासू आज उपवास करते आणि शेजारीण उद्या करते. या निर्णयासाठी पंडित मंडळी कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा १७९० सालचा धर्मसिंधू यांचा आधार घेत आली आहेत. वेदान्ताच्या उंचीवर वावरणाऱ्या पुरुषास उपवासाच्या दिवसाचा विचार करावासा वाटला, ही गोष्ट लहान नव्हे. साध्या माणसाचा धर्म ब्रह्मसूत्रांपासून सुरू होत नाही. तो आज चूल पेटवावयाची की नाही येथून सुरू होतो, हे ते जाणून होते.

मानसायुर्वेद हा दुसरा ग्रंथ. शरीराचे दोष वात, पित्त, कफ हे जसे वैद्यकात सांगितले आहेत, तसे मनाचे दोष रज आणि तम हे होत, असे चरकाचार्यांपासून मानले गेले आहे. मनाच्या रोगांचा शास्त्रीय विचार करावयास एका अंध तरुणाने विसाव्या शतकाच्या आरंभी हात घालावा, हे आजच्या काळात अधिकच महत्त्वाचे वाटते. नापिकी आणि कर्ज यांमुळे आपल्या वऱ्हाडातील किती शेतकऱ्यांनी गेल्या काही दशकांत जीवन संपविले, हे येथे सांगावयास नको. घरचा माणूस गप्प गप्प राहू लागला, जेवणावरचे त्याचे मन उडाले, तर तो आजारीच समजावा आणि पायाला जखम झालेल्या माणसाइतकीच त्याची काळजी घ्यावी. त्याला वैद्याकडे, डॉक्टरांकडे न्यावे, एकटे सोडू नये. शरीराप्रमाणे मनालाही रोग होतात व त्यांवर उपाय असतात, एवढी दृष्टी जरी या ग्रंथाच्या नावातून आपण उचलली तरी पुष्कळ होईल.

तिसरा विषय समन्वयाचा. एक ग्रंथ कर्म सांगतो, दुसरा संन्यास सांगतो. एक मूर्ती पुजावयास सांगतो, दुसरा निराकाराचे ध्यान सांगतो. सामान्य माणूस गोंधळतो आणि शेवटी सोयीचे तेवढे उचलतो. महाराजांनी शास्त्रसमन्वय, धर्मसमन्वय अशा ग्रंथांतून या विरोधांचा परिहार केला. त्यांच्या विचाराचा गाभा अधिकारभेदात आहे. वैद्य प्रत्येक रोग्यास वेगळे औषध देतो म्हणून वैद्यकशास्त्र परस्परविरोधी ठरत नाही. त्याचप्रमाणे निरनिराळ्या पात्रतेच्या माणसांसाठी निरनिराळी साधने सांगितली आहेत. म्हणून ग्रंथातील वाक्य उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकण्यापूर्वी, हे वाक्य कोणासाठी आहे आणि त्यात माझ्यासाठी काय आहे, हे पाहावयास हवे. भाऊबंदकीच्या भांडणात दोन्ही पक्ष धर्माचा दाखला देतात, तेव्हा ही कसोटी फार उपयोगी पडते.

याखेरीज स्त्रियांसाठी त्यांनी गाणी रचली आणि मुलांसाठी सोप्या रचना केल्या. बालवासिष्ठ व शिशुबोधव्याकरण ही नावेच त्यांचा हेतू सांगतात. ज्या बाईला दळणकांडणातून पोथीजवळ बसावयास सवड नाही, तिच्या ओठांवर गाण्याच्या रूपाने ग्रंथ गेला पाहिजे, अशी ती दृष्टी होती. स्वतः ऐकून शिकलेल्या माणसास कानाची किंमत दुसऱ्या कोणाहून अधिक कळावी, हे स्वाभाविक आहे.

मतभेदाची बाजू

चरित्रलेखनात केवळ स्तुती करणे हे चरित्रनायकाचाही गौरव करणारे नसते. महाराज सामाजिक बाबतींत परंपरेचे अभिमानी होते. वर्णाश्रमव्यवस्थेचे त्यांनी समर्थन केले, आणि स्त्रियांच्या आचारासंबंधीची त्यांची कित्येक मते आज आपल्याला मान्य होणार नाहीत. २६ जानेवारी १९५० पासून आपण ज्या राज्यघटनेखाली नांदतो, तिने जन्मावरून होणारा उच्चनीचभाव अमान्य केला आहे, आणि ते योग्यच झाले आहे.

आपल्याच भूमीतील इतर थोर पुरुषांनी ग्रंथांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले, हेही नमूद केले पाहिजे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे आजोळी वाढलेले श्रीगाडगेबाबा महाराजांपेक्षा पाचच वर्षांनी वडील. त्यांनी ग्रंथ रचले नाहीत. हाती खराटा घेतला आणि कीर्तनातून स्वच्छता, शिक्षण व भूतदया शिकविली. पापळचे डॉक्टर पंजाबराव देशमुख आपल्याच समाजातले. त्यांनी विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला आणि परत आल्यावर १९२७ च्या सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत पुढाकार घेतला. वेदांचा अभ्यास करूनच ते मंदिराचे दार उघडावयास निघाले होते. यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी तर एक्केचाळीस अध्यायांची ग्रामगीता लिहून खेड्यालाच ग्रंथाचा विषय केले.

या तिघांच्या शेजारी गुलाबराव महाराजांना बसविले म्हणजे त्यांचे वैशिष्ट्य व मर्यादा दोन्ही दिसतात. त्यांनी समाजाची घडी बदलली नाही. परंतु ज्या विद्येच्या दाराशी आपला समाज शतकानुशतके बाहेर उभा होता, त्या विद्येत शिरून, संस्कृतात सूत्रे रचून, तिच्यावर आपलाही हक्क आहे हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखविले. त्यांचे शब्द परंपरेच्या बाजूचे होते, पण त्यांचे जीवन एका नव्या गोष्टीचा पुरावा होते. हा विरोध आपण लपवू नये. त्यांनीच शिकविलेल्या अधिकारभेदाच्या कसोटीने त्यांचेही ग्रंथ वाचावेत, आणि आपल्या काळासाठी त्यांत जे आहे ते घ्यावे.

अखेरचे दिवस

श्रम, प्रवास आणि अखंड ग्रंथरचना यांनी शरीर लवकर झिजले. शके १८३७, भाद्रपद शुद्ध द्वादशी, सोमवार, दिनांक २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे महाराजांनी देह ठेवला. वय चौतीस वर्षांचे. त्यांच्यानंतर त्यांचे शिष्य श्रीबाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा वाहिली. अमरावतीस दहीसाथ भागात श्रीज्ञानेश्वर मधुराद्वैत सांप्रदायिक मंडळ उभे राहिले, आणि महाराजांचे विखुरलेले ग्रंथ सूक्तिरत्नावली या मालेतून प्रसिद्ध झाले. जे शब्द शिष्यांनी वेळी-अवेळी, मिळेल त्या कागदावर उतरवून घेतले होते, ते असे टिकले. त्या लेखक-शिष्यांचे ऋण आपल्यावर आहे. त्यांनी आपले डोळे आणि हात महाराजांस उसने दिले नसते, तर आज आपल्याजवळ केवळ आख्यायिका उरल्या असत्या.

आपल्यासाठी

समाजबांधव आणि भगिनींनो, महाराजांइतकी बुद्धी आपणां सर्वांस लाभणार नाही. त्यांचा वेष, त्यांची समाधी, त्यांचे शास्त्रार्थ आपल्या आवाक्यातले नाहीत. परंतु त्यांची ग्रंथ ऐकण्याची रीत आपल्या आवाक्यातली आहे. आपल्या घरोघरी अशी एखादी आजी वा आजोबा आहेत, ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, किंवा ज्यांना शाळेचे तोंडच पाहावयास मिळाले नाही. ज्ञानेश्वरीतील, गाथेतील, ग्रामगीतेतील चार ओव्या ऐकाव्यात असे त्यांना वाटते, आणि वाचावयास कोणी नसते. घरातील नातवंड पुणे-नागपुरास शिकते, इंग्रजी फाडफाड वाचते. पण ज्ञानेश्वरीची ओवी त्याला लावता येत नाही. आता यंत्रातूनही पोथी ऐकू येते, आणि ती सोय चांगलीच आहे. परंतु मध्येच थांबून, याचा अर्थ काय रे बाबा, असे आजीने विचारावे आणि नातवाला उत्तर न आल्यामुळे दोघांनी मिळून शोधावे, ही गोष्ट घडावयास माणूसच जवळ बसला पाहिजे.

म्हणून आपल्या संस्थेच्या सभासद कुटुंबांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. श्रावणाची वाट न पाहता आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. दिवाबत्ती झाल्यावर अर्धा तास घरातील लहानाने वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे, आणि वाचलेल्यापैकी एकच गोष्ट त्या आठवड्यात करून पाहावी. कोणाशी अबोला असेल तर तो सोडावा. मजुराचे पैसे राहिले असतील तर ते चुकते करावेत. सुनेच्या वा लेकीच्या शिक्षणास हरकत घेतली असेल तर ती मागे घ्यावी. पुढच्या आठवड्यात पोथी उघडण्यापूर्वी ती गोष्ट झाली की नाही, हे एकमेकांस विचारावे.

माधानच्या त्या अंध मुलाने, वाचून दाखवणारा कोणी भेटतो का, याची वाट पाहत आयुष्याची पहिली वर्षे काढली. आपल्या घरातही कोणी अशीच वाट पाहत असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसावे आणि फडक्याची गाठ सोडावी, एवढीच श्रीगुलाबराव महाराजांच्या स्मरणार्थ सर्वांस विनंती.